काकांचा राखीव साठा

मुंबई-ठाण्याच्या माणसाला घरबसल्या जे जे हवं असतं, ते आधी आमच्या भिवंडीत येऊन पडलेलं असतं. मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे... कुठल्याही रस्त्याला लागा, दोन्ही बाजूंना पत्र्याची गोदामं. परवा मी मिक्सर मागवला. तो आमच्याच तालुक्यातल्या एका गोदामात आहे, हे फोनवर दिसत होतं. रिक्षाने जाऊन उचलून आणला असता. पण तो रीतसर ठाण्याला गेला, तिथे मुक्काम केला आणि मग अंजूरफाट्याच्या कोंडीतून परत भिवंडीत शिरला.

अशा गावात हयात काढलेल्या माणसाला आपणही काहीतरी साठवून ठेवावं असं वाटलं, तर दोष कुणाला देणार? आमच्या काकांना पेट्रोल साठवावंसं वाटलं.

निमित्त झालं 2024 च्या जानेवारीतल्या संपाचं. नव्या न्याय संहितेत अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली, म्हणून ट्रकवाले-टँकरवाले रस्त्यावर उतरले. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर निघेनात म्हटल्यावर राज्यभर पंपांवर रांगा लागल्या. हैदराबादेत एक पोऱ्या चक्क घोड्यावर बसून लोकांच्या घरी जेवण पोचवत होता. तो व्हिडिओ काकांनी घरातल्या प्रत्येकाला दोन-दोनदा पाठवला. 1973 मध्ये पेट्रोल महागलं तेव्हा वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते, हेही ऐकवलं. "म्हणजे बघ, दर पन्नास वर्षांनी जनावरांवर पाळी येते."

संप 2 जानेवारीच्या रात्रीच मिटला. पण तोवर काका कल्याण नाक्यापुढच्या पंपावर तासन् तास उभे राहून आले होते आणि रांगेतल्या पुढच्या-मागच्या मंडळींनी त्यांचं पुरतं शिक्षण केलं होतं. चपला काढायच्या आधीच त्यांनी उंबऱ्यातून जाहीर केलं, "यापुढे घरात राखीव साठा असणार."

आता काकांची गरज किती, तेही सांगायला हवं. त्यांची स्कूटर सकाळी मंडईपर्यंत जाते आणि कोथिंबीर घेऊन परत येते. एका टाकीत महिना सहज निघतो. दुसरं यंत्र म्हणजे माळ्यावरचा जनरेटर. तो 2005-06 च्या भारनियमनातला. तेव्हा काकांचे नारपोलीत चार माग होते. माग चालवण्याची ताकद त्या जनरेटरात नव्हती. घरातल्या दोन ट्यूब, एक पंखा आणि गल्लीतली काकांची इभ्रत एवढाच भार तो उचलायचा. पेट्रोलवर सुरू व्हायचा आणि तापला की रॉकेलवर चालायचा. पुढे 2007 मध्ये गावातलं वीजवाटप खासगी कंपनीकडे गेलं, भारनियमन कमी होत गेलं, आणि काही वर्षांनी काकांचे मागही भंगारात गेले. जनरेटर तेवढा राहिला. चालू वस्तू विकायची नाही आणि बंद पडलेली टाकायची नाही, या धोरणामुळे आमच्या माळ्यावर उभं राहता येत नाही.

पंपावर कॅनमध्ये पेट्रोल देत नाहीत, तशी पाटीच असते. काकांनी पाटीचा मान राखला. स्कूटरची टाकी गच्च भरून आणायची आणि घरी येऊन उपसायची, असा मार्ग त्यांनी काढला. त्यासाठी माळ्यावरून रॉकेलचा जुना हातपंप उतरला. लाल प्लास्टिकचं घड्याघड्यांचं डोकं, खाली पिवळट पडलेली नळी. ते डोकं चार-पाच वेळा दाबलं की नळीत आधी नुसते बुडबुडे चढतात, मग अडखळत अडखळत धार लागते. काका तो पंप इतक्या सराईतपणे दाबत होते, की मला एकदम उलगडा झाला. हा गृहस्थ पेट्रोल साठवतच नव्हता. तो रॉकेल साठवत होता.

त्यांच्या पिढीचा हात रॉकेलवर बसलेला. रेशनच्या रांगेतून निळं रॉकेल यायचं, ते ओट्याखालच्या डब्यात जायचं आणि वर ओट्यावर स्टोव्ह भरभरत असायचा. आमच्या घरात तरी त्या डब्याने कधी दगा दिला नाही. पण रॉकेल चाळीसएक अंशांपर्यंत तापल्याशिवाय पेट घेण्याजोगी वाफ सोडत नाही. पेट्रोल तेच काम शून्याखाली चाळीस अंशांवरसुद्धा बिनबोभाट करतं. "म्हणजे डीप फ्रीझरमध्ये ठेवलं तरी ते पेटायला तयारच," मी समजावलं. काकांनी फ्रिजकडे पाहिलं. मी घाईघाईने विषय बदलला.

साठ्यासाठी कॅन होता शेंगदाणा तेलाचा, पाच लिटरचा. तो काकूंनी घासूनपुसून पाण्याच्या शटडाऊनसाठी ठेवला होता. भिवंडीत आपत्काळ म्हणजे पाणी न येणं, याबद्दल काकूंच्या मनात कधीच शंका नव्हती. पण कॅन गेला आणि गॅलरीत, तुळशीशेजारी त्याची स्थापना झाली.

मे महिन्यात दुपारी त्या कॅनचं पोट टम्म फुगायचं आणि पहाटे गालफडं बसायची. काकांना त्याची दया यायची. एका संध्याकाळी मी गेलो तर काकू तुळशीपुढे दिवा लावून हात जोडताहेत आणि दोन हातांवर काका कॅनचं झाकण हळूच सैल करताहेत, बिचाऱ्याला जरा मोकळं वाटावं म्हणून. फुस्स. पेट्रोलची वाफ हवेच्या तिप्पट-चौपट जड. ती वर उडून जात नाही, फरशीवरून सरपटत जाते. आणि दिवा फरशीपासून जेमतेम वीतभर वर. मी झेप घेतली आणि दिवा फुंकला. पुढे काही झालं नाही, त्यामुळे काही होणार होतं यावर आजवर कुणाचा विश्वास बसलेला नाही. तिन्हीसांजेला तुळशीपुढचा दिवा तोंडाने विझवणारा पुतण्या, एवढीच आमच्या घराण्यात माझी ओळख उरली आहे.

त्यानंतर कॅनची वरात निघाली. दिवाणाखाली ठेवला तर काकूंना वासाने मळमळायला लागलं. माळ्यावर पत्र्याखाली भट्टी. जिन्याखाली सगळ्या बिऱ्हाडांचे वीजमीटर, आणि पहिल्या मजल्यावरचे आजोबा सुनेच्या नजरेआड विडी ओढतात तेही नेमके तिथेच. राहता राहिली गच्ची. आमच्या गावात गच्चीला फार महत्त्व. कुठे गोदामाला आग लागली की लोक आधी गच्चीवर जातात आणि धुराच्या रंगावरून निदान करतात. काळाकुट्ट असेल तर प्लास्टिक नाहीतर केमिकल, पांढुरका असेल तर सूत-कापड. काका या शास्त्रातले जाणकार. "लोक काय वाट्टेल ते भरून ठेवतात, ना परवाना, ना अक्कल," असं ते दर वेळी कठड्याला टेकून म्हणतात. त्यांच्या पायाशी आता टाकीच्या सावलीत कॅन होता. दुसऱ्याच्या गोदामात असतो तो बेकायदा माल आणि आपल्या घरात असतो तो साठा, हा भेद भिवंडीत तरी सगळ्यांना मान्य आहे.

परवान्याचं काकांनीच काढलं म्हणून मी कायदा काढला. पेट्रोलियम कायदा, 1934 चा. त्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या खात्याचं मुख्यालय नागपुरात आहे. देशातल्या यच्चयावत ज्वालाग्राही पदार्थांवर लक्ष ठेवायला ज्याने नागपूर निवडलं, त्याला उन्हाळ्यात तिथे जावं लागलं नसणार. असो. 23 अंशांच्या आत पेट घेण्याजोगी वाफ सोडणारा माल हा वर्ग 'अ', म्हणजे पेट्रोल त्यात आलं. विकायचं नसेल तर असा माल 30 लिटरपर्यंत विनापरवाना बाळगता येतो.

"किती?" काका ताठ बसले.

"तीस."

"आणि तू पाचासाठी एवढा तमाशा केलास? अगं, ऐकलंस का, अजून पंचवीस बसतात!"

काकांना कायदा दाखवण्यात हा धोका असतो. मी पुढचं कलम वाचलं. भांडं काचेचं, चिनी मातीचं किंवा धातूचंच हवं आणि बूच घट्ट हवं. धातूचं असेल तर 25 लिटरपर्यंत चालेल, काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एकाच लिटरचं. तेलाचा प्लास्टिक कॅन कुठेच बसत नाही.

"चिनी मातीचं म्हणजे..." काकांची नजर स्वयंपाकघरातल्या फळीवर गेली. तिथे काकूंच्या बरण्या ओळीने उभ्या होत्या, दादरा बांधून. इंग्रजांनी कायदा करताना भारतीय स्वयंपाकघराचा इतका बारकाईने विचार केला असेल असं मलाही वाटलं नव्हतं.

"हात लावून तर बघा," काकू आतून म्हणाल्या. मग बाहेर येऊन पदराला हात पुसत त्यांनी विचारलं, "लोणचं वर्षभर ठेवलं तर मुरतं. तुमचं ते ठेवून काय होतं?"

आता या प्रश्नाला काकांपाशी उत्तर नव्हतं. खरं उत्तर असं, की पेट्रोल नासतं. त्यातले हलके घटक, जे गार इंजिन पटकन सुरू करतात, तेच सगळ्यात आधी उडून जातात. उरलेलं हवेतल्या ऑक्सिजनशी संधान बांधून हळूहळू चिकट होत जातं. त्यात 2025 पासून आपल्या पेट्रोलमध्ये पाचवा हिस्सा इथेनॉल. म्हणजे काकांनी नव्याने भरलेल्या पाच लिटरांतलं एक लिटर उसाचं नाहीतर मक्याचं होतं. इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. ज्या गावात पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाझर फुटतो, तिथे सैल झाकणाच्या कॅनचं काय होणार? हवेतलं पाणी पुरेसं आत शिरलं की इथेनॉल पेट्रोलशी काडीमोड घेतं आणि पाण्याला बरोबर घेऊन तळाशी जाऊन बसतं. वर उरतं ते धड पेट्रोल नव्हे आणि खाली असतं ते धड पाणी नव्हे. ताज्या पेट्रोलचं आयुष्य काही महिन्यांचं, तेही नीट बंद डब्यात आणि सावलीत.

यावर उपाय साधा आहे. जुनं आधी स्कूटरमध्ये ओतायचं, नवं साठ्यात ठेवायचं. गोदामात लागलेला पोरगा हे पहिल्या दिवशी शिकतो. पण घरातल्या साठ्याचा धर्म वेगळा. ताजं वापरायचं आणि जुनं "अडीअडचणीला" ठेवायचं. आमच्याकडे पाहुण्यांसाठी राखलेल्या चादरीही अशाच घडीवर विरल्या.

अडीअडचण आली ती पावसाळ्यात. मध्यरात्री वीज गेली. आजूबाजूचे माग बंद पडले की आमच्याकडे शांततेने जाग येते. खटखट थांबली आणि अख्खी गल्ली उठून बसली. काका तर या क्षणाची वाटच बघत होते. मोबाइलच्या उजेडात जनरेटर खाली आला, गच्चीवरून कॅन आला, पेट्रोल ओतलं आणि काकांनी दोरी ओढली. मग मी ओढली. मग पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी, विडी बाजूला ठेवून, ओढली. (विडी आधी विझवून या, हे सांगायला मी जिन्यावर आडवा झालो होतो.) जनरेटर एकदा ढेकर दिल्यासारखं करून गप्प झाला. थोड्या वेळाने वीज आली, माग सुरू झाले, लोक झोपले.

दुसऱ्या दिवशी जनरेटर रिक्षात घालून आम्ही वंजारपट्टी नाक्यावरच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने कार्बोरेटर उघडला. आत पिवळा चिकटा धरला होता. मग कॅनला नाक लावून तो म्हणाला, "चाचा, ये पेट्रोल नहीं, वारनिश है."

"सव्वा वर्षापासून जपलंय," काका अभिमानाने म्हणाले.

टाकून देऊ म्हटलं तर काका ऐकेनात, आणि गटारात ओतणं हा आणखी वेगळा गुन्हा. मेकॅनिक म्हणाला, पार्ट धुवायला चालेल, ठेवून जा. काकांनी पंपाचा भाव सांगितला. तो हसला. मग पाऊण भाव, मग निम्मा. शेवटी कार्बोरेटरच्या मजुरीत शंभर रुपये सूट आणि पेट्रोल कॅनसकट त्याचं, यावर सौदा पटला.

घरी येऊन काकांनी साठ्यावर शंभर रुपये सुटल्याचं सांगितलं. काकूंनी त्यांच्या हातात बादली दिली. दुसऱ्या दिवशी शटडाऊन होता आणि पिंप रिकामं होतं.

काका नळाखाली बादली लावून थोडा वेळ धार बघत राहिले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "काय रे, पाण्याला तीस लिटरची अट नाही ना?"