वस्त्रांची जमाबंदी

रतनवाडीहून निघून रतनगड पाहावा, कात्राबाईच्या खिंडीने कुमशेतास उतरावे आणि पाचनईवरून हरिश्चंद्रगड चढावा, अशी तीन-चार दिवसांची पायपीट ज्याने सप्टेंबरच्या अखेरीस, म्हणजे पावसाने निरोप घेऊनही उंबरठ्यावर गप्पा मारीत उभे राहण्याच्या दिवसांत योजिली असेल, त्याने प्रथम हे ध्यानी घ्यावे की, त्या मुलखात पहाटे धुक्याचा, दुपारी उन्हाचा, सायंकाळी गडगडाटी सरींचा आणि रात्री वाऱ्याचा असा चौघांचा अंमल चालतो व एकाचा हुकूम दुसरा मानीत नाही. सबब वस्त्रांची तजवीज एकाच जाड कोटावर न सोपविता खातेवार करावी.

अंगालगतच्या खात्याकडे घामाच्या निकासीचे काम असते, आणि त्या पदावर आपण पिढ्यान्‌पिढ्या सुती गंजीची नेमणूक करीत आलो, ही आपल्या दप्तरातील सर्वांत जुनी चूक होय. सूत पाणी पिते व सोडीत नाही; चढावर भिजलेली गंजी खिंडीतल्या वाऱ्यात थकबाकी वसूल करावयास आलेल्या कारकुनासारखी पाठीस चिकटते. पॉलिएस्टरची पातळ गंजी घ्यावी. तिला दुसऱ्या दिवशी वास येतो, परंतु बरोबरीच्या सर्वांनाच येत असल्याने तक्रारीस वाव राहत नाही. जीन्स भिजल्यावर आपला निकाल आपणच देते.

ऊब ही कापडाच्या थरांत अडकलेल्या हवेची असते, म्हणून एका जाड स्वेटरापेक्षा दोन पातळ बरे. हे तत्त्व नवे नव्हे. 1924 साली एव्हरेस्टवर नाहीशा झालेल्या मॅलरीचा देह 1999 मध्ये सापडला, तेव्हा त्याच्या अंगावर रेशीम, सूत व लोकर यांचे थर आणि वर गॅबर्डिन होते. मात्र दाखला घेताना उंचीही पाहावी. दर हजार मीटरला हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंडावते आणि हरिश्चंद्रगड 1424 मीटरचा आहे, हे त्रैराशिक न मांडल्यामुळे आमच्या एका स्नेह्याने चार स्वेटर गडावर नेले व घडी न मोडता खाली आणले.

रेनकोट बाहेरचा पाऊस आत येऊ देत नाही, परंतु त्याच इमानाने आतली वाफही बाहेर सोडीत नाही. वाफ सोडणारे महागडे कोट मिळतात खरे, पण बाहेरची हवाच ओलीगच्च असता ती वाफ जाणार कोठे? पाचनईच्या चढावर प्रस्तुत लेखक तिन्ही खाती एकदम अंगावर घेऊन चालला होता, आणि अर्ध्या तासात आतूनच असा भिजला की पावसास करण्यासारखे काही उरले नाही. कुमशेतहून बरोबर आलेले मामा साध्या सदऱ्यावर होते. सर आली तशी त्यांनी खांद्यावरच्या घोंगडीची खोळ डोक्यावर ओढली, कातळाच्या आडोशास टेकले आणि म्हणाले, “बसा की मास्तर, पाऊस बी दमतो.”

राहिला रात्रीचा कोरडा जोड. तो दोन प्लॅस्टिक पिशव्यांत गाठ मारून सॅकच्या तळाशी ठेवावा आणि सोवळ्याप्रमाणे पाळावा. दिवसा काहीही होवो, त्यास शिवू नये. पहाटे गुहेच्या दारात दोरीवरची कालची ओली, गार विजार पुन्हा पायांत चढविण्याची घटका येते, तेव्हा भल्याभल्यांचे आचारविचार ढळतात. लेखकाचे कुमशेतातच ढळले होते. कोरडा जोड घालून तो सकाळी मोठ्या तोऱ्यात निघाला, आणि वर वर्णिलेल्या चढावर जे भिजले ते तेच सोवळे.

ती रात्र गडावरच्या गुहेत मामांच्या घोंगडीत निघाली. लोकर ओली झाली तरी ऊब धरते, हे पुस्तकात वाचले होते. तिला मेंढीचा वास येतो, हे वाचले नव्हते. पुढच्या मोहिमेच्या फर्दीत पहिली नोंद घोंगडीची आहे, आणि वजनाला ती बाकीच्या तिन्ही खात्यांहून जड भरते.