मोत्याचे बापू

नामपूरच्या कांदा मार्केटभोवती व्यापाऱ्यांची जी खळी आहेत, त्यांतल्या एका खळ्यावर महिन्याच्या सुरुवातीला एक वजन होतं. त्याची पावती कुणी फाडत नाही. बापू आपल्या कुत्र्याला, मोत्याला, कडेवर घेऊन प्लेटकाट्यावर चढतात. हमाल आकडा वाचतो, ९१. मग बापू मोत्याला खाली सोडतात, एकटेच काट्यावर उभे राहतात आणि म्हणतात, "आता बारदान वजा कर." बारदान म्हणजे बापू स्वतः, ६९ किलो. उरले २२, ते मोत्याचे. खिशातली वही निघते, तारीख पडते आणि मग कुठे कांद्याच्या गोण्यांचा नंबर लागतो. हमालांनी याच्यावर हसणं कधीच सोडून दिलंय.

बापू वायरमन म्हणून रिटायर झाले. थकलेली बिलं घेऊन दारोदार फिरताना गावातल्या कुत्र्यांनी त्यांना आयुष्यभर जे ऐकवलं, त्याचा सूड त्यांनी असा उगवला, की रिटायर झाल्याबरोबर ते त्याच कुत्र्यांचे पालक झाले. आमच्याकडे प्रत्येक गल्लीत एक बापू असतो, त्यामुळे ओळख पटवायला काहीतरी जोडावं लागतं. हे 'मोत्याचे बापू'. मुलगा पुण्यात इंजिनिअर आहे, पण त्याच्या नावाने बापूंना इथे कुणी ओळखत नाही. मुलाला याचं जरा लागतं.

दारात कुत्रं असलेल्या कुठल्याही घरी बापू गेले, की रामराम नंतर. आधी प्रश्न, "त्याले कांदा दिधा का?" ज्या गावात ट्रॅक्टरच्या ट्रॅक्टर कांदा उतरतो, चाळीत कांदा, ओट्यावर कांदा, रश्श्यात कांदा, तिथे हा प्रश्न विचारायला छाती लागते. लोक आधी चेष्टा समजतात. मग बापू वही उघडतात. कांद्यातल्या गंधकाच्या द्रव्यांनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा असो, शिजवलेला असो की वाळवलेला, फरक पडत नाही, आणि लसूण त्याच घराण्यातला. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की धोका सुरू. मांजराला तर ५ ग्रॅमच पुरे. म्हणजे मोत्याच्या बाबतीत ३३० ग्रॅम. "तीन-चार कांदे! अन् तुम्ही रात्री त्याच्यापुढे अख्खं पातेलं उपडं करता." खळ्यावरचं वजन कशासाठी, ते इथे कळतं.

बापूंच्या घरी म्हणूनच दोन स्वयंपाक होतात. मोत्याची बाजरीची भाकरी वेगळी, तिला ना रस्सा ना मसाला. सोबत उकडलेलं अंडं. त्यांच्या पत्नी माई म्हणतात, "आमच्या घरात बारा महिने चातुर्मास फक्त कुत्रा पाळतो." कांदेनवमीला आख्खी गल्ली भज्यांवर तुटून पडलेली असते, तेव्हा बापू काठी घेऊन ओट्यावर बसतात. काठी कुत्र्यांसाठी नाही, भजं टाकणाऱ्या पोरांसाठी.

द्राक्षाचंही तेच. आमच्या कसमादे पट्ट्यात द्राक्षाच्या बागा कमी नाहीत, आणि बागेची राखण करणारं कुत्रं मांडवाखाली गळालेले मणी खातं, हे कुणालाच विशेष वाटत नाही. द्राक्ष आणि बेदाणे यांनी कुत्र्याची किडनी बंद पडू शकते. कुठलं कुत्रं पचवेल आणि कुठलं चार मण्यांत आडवं होईल, हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे सत्यनारायणाच्या पूजेला बापू हातात शिरा घेतात, डोळे मिटून नमस्कार करतात आणि मग गुरुजींच्या देखत एकेक बेदाणा वेचून काढतात. प्रसाद मोत्याला द्यायचाच असतो. गुरुजी दुसरीकडे बघतात.

त्यांची आणखी एक सवय म्हणजे ओठ उचलणं. रस्त्यात कुत्रं भेटलं, की बापू खाली बसतात, गळ्याखाली खाजवतात आणि बोलता बोलता अंगठ्याने त्याचा वरचा ओठ हळूच वर करतात. हिरडीवर बोट दाबायचं. जागा पांढरी पडते. बोट काढून मोजायचं, "एक... दोन." दोनच्या आत गुलाबी परत आला तर पाठीवर थाप. नाही आला, किंवा हिरडी मुळातच फिकट दिसली, तर मालकाचं काही खरं नाही. गोचीड आहेत का, लघवी कुठल्या रंगाची, जंताचं औषध कधी दिलं, सगळी उलटतपासणी भर चौकात. ही नजर इतकी बसलीय, की नातीचा नवरा पहिल्यांदा घरी आला आणि मोकळेपणाने हसला, तेव्हा बापू माईंच्या कानात म्हणाले, "रक्त चांगलं आहे."

त्यांचा संताप मात्र खरा असतो, आणि तो नेहमी माणसांवरच. खरूज झालेल्या कुत्र्याला गॅरेजमधलं जळकं ऑइल फासणारे एक. गोचीड मारायला डाळिंबाच्या फवारणीचं औषध अंगावर ओतणारे दुसरे. कुत्रं अंग चाटतं, आणि रोगाआधी औषधाने जातं. "अरे, बागेला मारताना स्वतः तोंडाला फडकं बांधतोस ना? मग त्याला फडकं कोण बांधणार?" मागे शेजारच्या वाड्यात मांजर मलूल झाली, म्हणून एका काकूंनी मायेने तापाची अर्धी गोळी दुधात घालून दिली. पॅरासिटामॉल मांजराच्या लिव्हरला पचवताच येत नाही, तिच्यासाठी ते विषच. मनी गेली. बापू त्या घरी गेले, पण काकूंना एक शब्द बोलले नाहीत. बाहेर येऊन मात्र गल्लीतल्या प्रत्येक दारावर सांगत सुटले: आपल्या गोळ्या आपल्याला, त्यांच्या त्यांना, आणि कळत नसेल तर जनावरांच्या डॉक्टरला विचारा, नाहीतर १९६२ ला फोन लावा. हा नंबर त्यांच्या दाराच्या चौकटीवर ऑइलपेंटने लिहिलाय. एका पाहुण्याने तो घर बांधल्याचं साल समजून "जुनं दिसतंय, पण मजबूत आहे" असं कौतुकही केलं होतं.

चावा घेतल्याची बातमी आली, की बापूंचा वायरमन जागा होतो. चप्पल न घालता धावतात. एका पोराच्या पोटरीला भटक्या कुत्र्याने धरलं तेव्हा घरात हळद, मिरची, चुना असा सगळा सरंजाम तयार होता. बापूंनी पोराचा पाय सरळ नळाखाली धरला, साबण लावला आणि घड्याळ समोर ठेवलं. पंधरा मिनिटं. पोरगं रडून थकलं, टाकी तळाला गेली, घरमालक कुरकुरला. "टाकी मी भरून देतो," म्हणाले, पण पाय सोडला नाही. तिथे एक म्हातारे आजोबा सदरा वर करून पोट दाखवायला लागले, की आम्ही चौदा सुया इथे खाल्ल्या. ती मेंदूच्या पेशींपासून केलेली जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली; आता चार-पाच वेळा दंडावर टोचतात, जखम खोल असेल तर जखमेतच सीरम भरतात. बापूंनी हे सांगितलं, आणि आजोबांना "तुम्ही सदरा खाली घ्या, पोर आणखी घाबरेल" असं बजावलं. पोराच्या सगळ्या तारखा बापूंच्या वहीत मोत्याच्या पानाशेजारीच लिहिलेल्या आहेत.

कायदाही त्यांना पाठ आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ ते वकिलासारखं म्हणतात. कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हासुद्धा त्यात गुन्हा आहे, हे ऐकून भलेभले चपापतात. मोसम नदीच्या काठाने पहाटे साखळी धरून चालणारे चार-दोन लोक आता दिसतात, ते या धाकानेच. पहिल्या गुन्ह्याला दंड फार तर पन्नास रुपये, हे मात्र बापू कुणी विचारलं तरच आणि आवाज खूप खाली आणून सांगतात.

वैताग येतो, नाही असं नाही. तुम्ही टपरीवर चहा घेताय, पायाशी कुत्रं बसलंय, तुम्ही बिस्किट मोडलंत की पाठीमागून आवाज येतो, "साखर!" तुम्ही म्हणता, बापू, एकच बिस्किट. ते म्हणतात, टपरीवर दिवसाला शंभर माणसं येतात आणि प्रत्येकाचं एकच असतं. यावर बोलायला काही उरत नाही. एवढं सुनावून ते स्वतः मात्र दोन कप गोड चहा घ्यायचे.

कारण काळजी सगळी मोत्याची. त्याचं लसीकरणाचं कार्ड सातबाऱ्याच्या आणि रेशन कार्डाच्या प्लास्टिक पिशवीत, कपाटाच्या वरच्या फळीवर. तिसऱ्या महिन्यातली रेबीजची पहिली लस, पुढचा बूस्टर, मग दरवर्षीची, दर तीन महिन्यांची जंताची गोळी, सगळ्यावर सह्या-शिक्के. बापूंची शुगरची चिठ्ठी मात्र कुठे आहे, ते देवालाच ठाऊक. मुलाने फोनवर सांगून पाहिलं, डॉक्टरांनी सांगून पाहिलं. शेवटी माईंनी डोकं लढवलं. वहीतल्या मोत्याच्या पानावर, जंताच्या औषधाखाली, आपल्या वळणदार अक्षरात त्यांनी एक ओळ घातली: 'बारदान. रक्ततपासणी. १५ तारीख.' वहीतली तारीख चुकणं बापूंना झेपत नाही. पंधराला सकाळी उपाशीपोटी जाऊन आले. आता टपरीवर त्यांचा चहा बिनसाखरेचा येतो, आणि बिस्किटावर ओरडण्यात धार वाढलीय.

कांदा घेऊन नामपूरला आलात आणि पिकअपमध्ये घरचं कुत्रं बसलेलं असेल, तर कार्ड सोबत आणा. बापू गाठणारच, आणि "घरी कपाटात असेल" हे उत्तर ते धरत नाहीत.