आठवणी गोळा करणाऱ्या होतकरूंसाठी

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातल्या सामान्य माणसांच्या आठवणी व जुने फोटो गोळा करण्याच्या कामाला पदवी लागत नाही. गुडघे मात्र चांगले लागतात. ज्या घरात अल्बम शिल्लक आहे ते घर बहुधा लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर असते. ज्या इमारतीला लिफ्ट आली तिथला अल्बम जुनी इमारत पाडताना पत्र्याच्या ट्रंकेसकट भंगारवाल्याकडे गेलेला असतो. होतकरूंनी हा नियम पाठ करून मगच कल्याणच्या पुढची गाडी पकडावी.

दारात उभे राहिल्यावर आपण कोण आहोत हे सांगण्यात वेळ घालवू नये. आपण कोण नाही ते आधी सांगावे. महापालिकेतून आलेलो नाही, बँकेच्या वसुलीवर नाही, वीजमीटर तपासायला नाही, पाणी शुद्ध करणारे यंत्रही विकत नाही. उल्हासनगरात यातली महापालिका सर्वांत आधी आणि मोठ्याने घ्यावी. इथल्या ८५५ बेकायदा इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयात गाजले आणि शहरातली बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ मध्ये राज्य सरकारला खास कायदा करावा लागला. अशा गावात 'तुमच्या घराचा जुना फोटो आहे का?' हा प्रश्न निरागस राहत नाही. जुन्या फोटोत गॅलरी नसते, आज असते. मधल्या काळात ती कशी आली हे सांगायला घरमालक बांधील नाही आणि ते विचारणे आपले कामही नाही. म्हणून घराचा फोटो मागू नये, लग्नाचा मागावा. लग्नाच्या फोटोत घर येतेच, आणि त्याला कोणाची हरकत नसते.

पत्ता शोधण्याचे तंत्र वेगळे आहे. 'उल्हासनगरला कुठे?' या प्रश्नाचे उत्तर कोणीही रस्त्याच्या नावाने देत नाही. तीन नंबर, चार नंबर, पाच नंबर असे कॅम्प सांगितले जातात, पुढे सेक्शन, पुढे बॅरेक, पुढे रूम. हे आकडे लष्कराचे आहेत. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी छावणी उभारली, युद्ध संपल्यावर ती ओस पडली, आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख माणसांना सरकारने त्या बॅरेकींत उतरवून घेतले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि छावणीला उल्हास नदीवरून नाव मिळाले. नाव मिळाले तरी पत्ता छावणीचाच राहिला. बॅरेक केव्हाच पडली, तिच्या जागी पाच मजले आले, खाली जीन्सचे दुकान आले, तरी पोस्टमन आजही बॅरेक नंबरच विचारतो. होतकरूंनी फोनमधल्या नकाशावर विसंबू नये. पानाच्या गादीवर विचारावे. मात्र एकाच गादीवर विचारावे. दोन ठिकाणी विचारले की दोन बॅरेकी मिळतात.

घरात शिरल्यावर सिंधी घर असेल तर पापड आणि पाणी समोर येईल. ही पाहुणचाराची सुरुवात आहे, शेवट नाही. 'पहले पापड तो खाओ' असे म्हटल्यावर 'नको, नको' हा मराठी शिष्टाचार इथे चालत नाही. त्याचा अर्थ खरोखरच नको असा घेतला जातो आणि आठवणीही परत फडताळात जातात. पापड खाताना ध्वनिमुद्रण बंद ठेवावे. नाहीतर पुढे अभ्यासकांना १९४८ सालच्या कराची बंदरातून बोट सुटताना नुसता कुर्रम कुर्रम आवाज ऐकू येईल.

आता या कामातली मुख्य अडचण. या सबंध पट्ट्यात राहत्या जागेची आठवण कोणीही काढत नाही.

कॅम्पातल्या आजोबांना विचारावे, 'दादा, साठ साली ही गल्ली कशी होती?' दादा एका वाक्यात सिंधमधल्या शिकारपूरला पोचतात. तिथली हवेली, तिथले फालुदावाले, तिथली थंडी. हवेलीला पहिल्या भेटीत दोन मजले असतात, दिवाळीनंतरच्या भेटीत तीन. मजले मोजू नयेत. निर्वासितांनी मागे टाकलेल्या मालमत्तेचे क्लेम तपासण्यासाठी १९५० मध्ये कायदा झाला, अधिकारी नेमले गेले, कागद रंगले. ती पडताळणी सरकारने तेव्हाच उरकली आहे, ती आपण पुन्हा सुरू करू नये.

बदलापुरात सिंध नाही, पण गिरणगाव आहे. स्टेशनपासून पंधरा मिनिटांवरच्या सोसायटीत राहणाऱ्या काकांना बदलापूरबद्दल विचारले की ते लालबागच्या चाळीतल्या गॅलरीत जाऊन उभे राहतात. चाळीतला गणपती, चाळीतली कॅरमची स्पर्धा, समोरच्या बिऱ्हाडातली भांडणे. मग बदलापूर? 'बदलापूर काय, इथे तेव्हा काहीच नव्हतं. सगळं रान होतं.' हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर आधीच छापून घ्यावे, म्हणजे दर घरी लिहायचा त्रास वाचेल. अंबरनाथला दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ भेटतात. त्यांना वसाहतीबद्दल विचारले की ते साताऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या गावातल्या विहिरीपाशी जातात. आयुष्याची चाळीस वर्षे जिथे काढली ती जागा त्यांच्या लेखी मुक्कामाची असते. गाव तेच, जिथून निघालो.

यावर एकच उपाय आजवर लागू पडला आहे. पाण्याबद्दल विचारावे.

'नळाला पाणी किती वाजता यायचं?' या प्रश्नाला शिकारपूरहून उत्तर देता येत नाही. हवेलीत सार्वजनिक नळ नव्हता. तो कॅम्पात होता. दादा नाइलाजाने परत येतात. मग बॅरेकीबाहेरचा सामायिक नळ येतो, पहाटेची रांग येते, रांगेत माणसाऐवजी ठेवलेले पत्र्याचे डबे येतात, आणि कोणाचा डबा कोणी मागे सरकवला याची तपशीलवार हकिकत येते. नळापाठोपाठ शौचालयाची रांग विचारावी. इतका वेळ 'मुझे कुछ याद नहीं' म्हणत आत बसलेली दादी या टप्प्यावर स्वयंपाकघरातून बाहेर येते आणि नवऱ्याचे बोलणे खोडून काढते. याच क्षणाची वाट पाहत आपण बसलेलो असतो. ध्वनिमुद्रण बंद असेल तर आता सुरू करावे, दादीला विचारून. मराठा सेक्शनमध्ये रॉकेलची रांग विचारावी, बदलापुरात टँकर विचारावा. टँकर म्हटल्यावर लालबागचे काका आपोआप बदलापूरकर होतात आणि सोसायटीच्या तेव्हाच्या सेक्रेटरीबद्दल छापता येणार नाही असे बरेच काही सांगतात. तेही ध्वनिमुद्रित करावे, छापू नये.

पाण्याचा विषय निघाला की बदलापुरात २६ जुलै २००५ येणारच. उल्हास नदी घरात आली तो दिवस. पाणी किती आले होते ते काका हाताने दाखवतात आणि हात दरवर्षी थोडा वर जातो. इथे मात्र मोजावे. खिडकीच्या ग्रिलवर किंवा भिंतीवर जुनी रेघ असते तिच्याशी हात ताडून पाहावा. पुढे २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली तेव्हा देशभरच्या कॅमेऱ्यांनी या भागाचे फोटो काढले. त्यात गाडी दिसते, पाणी दिसते, बदलापूर दिसत नाही. ते काकांच्या फोनमध्ये आहे, गच्चीवरून काढलेले, अर्ध्या फोटोत बोट आलेले. बोट असलेला फोटो आधी घ्यावा.

आता फोटो.

रोलचा जमाना असा होता की छत्तीस फोटोंत एक बारसे, एक सहल आणि उरलेल्यांत अर्धी दिवाळी बसवायची. त्यामुळे गल्लीचा फोटो कोणी काढलेला नाही. काढणाऱ्याला वेडा ठरवले असते. गल्ली जी काही आहे ती माणसांच्या मागे आहे. होतकरूने नवरदेवाकडे पाहू नये, त्याच्या खांद्यामागे पाहावे: बॅरेकीची कौले, दोरीवरचे कपडे, अर्धवट दिसणारी पाटी, एखादी उभी सायकल. घरची मंडळी 'हा माझा मोठा दीर' सांगत असतील तेव्हा मान हलवावी आणि दिरामागच्या पाटीवरचा दुकानाचा नंबर टिपून घ्यावा. दिराचे नावही लिहावे, नाहीतर पुढच्या वेळी चहा मिळणार नाही.

अंबरनाथच्या प्रत्येक घरात शिवमंदिरासमोरचा एक फोटो असतोच. इसवी सन १०६० च्या या शिलाहारकालीन मंदिरावरची शिल्पे पाहायला लांबून माणसे येतात, आणि अंबरनाथकरांच्या अल्बमात ती सगळी एका आत्याच्या पदराने झाकलेली असतात. फोटोत शिखर नाही म्हणून काढणाऱ्याला दोष देऊ नये. ते मूळचेच उरलेले नाही. शहाडच्या बिर्ला मंदिराचा आणि बारवी धरणाचा फोटो दर तिसऱ्या अल्बमात येतो. त्यात पिढ्या बदलतात, पोझ बदलत नाही.

याला अपवाद मिरवणुकांचा. उल्हासनगरात सुभाष टेकडीवरच्या घरांत १४ एप्रिलचे फोटो जपलेले असतात, आणि त्यांत गल्ली मागे नसते, समोर असते, कारण रोषणाई गल्लीलाच केलेली असते आणि ती दाखवण्यासाठीच फोटो काढलेला असतो. मंडळाच्या गणपतीचे तसेच, आणि पाच नंबरच्या चालिया मंदिरात जुलै-ऑगस्टमध्ये चाळीस दिवसांच्या व्रताला लोटणाऱ्या गर्दीचेही. वर्षानुवर्षे त्याच कोपऱ्यावरून काढलेले असे फोटो ओळीने लावले तर विजेचे खांब, पत्रे, मजले आणि केबलच्या तारा कशा वाढत गेल्या याची नोंद मिळते. महापालिकेच्या दप्तरातल्या नोंदीपेक्षा ती अधिक खरी असेल, असे माझे मत आहे आणि ते सिद्ध करायची मला इच्छा नाही.

तांत्रिक बाजू थोडक्यात. मूळ फोटो घरी नेऊ नये, 'उद्या आणून देतो' हे तर मुळीच म्हणू नये. ते वाक्य या घरांनी मतदारयादी करणाऱ्यापासून जावयापर्यंत सर्वांकडून ऐकलेले आहे. खिडकीशी बसावे, ट्यूबलाइट बंद करावी, नाहीतर प्रत्येक नवरीच्या कपाळावर एक पांढरी नळी येते. स्कॅनर असेल तर सहाशे डीपीआय ठेवावे. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बमातून फोटो ओढून काढू नये, पानासकट टिपावा. मागे लिहायचे तर मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनचे अक्षर पुढून आत्याच्या गालावर उमटते. व्हॉट्सॲपवर मागवायचे असल्यास 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असे सांगावे. सांगूनही ते फोटो म्हणूनच येतील, वर 'शुभ सकाळ' असेल.

हे काम आपण शोधून काढले असे मात्र कोणाला भासवू नये. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या शंभर आवाजांचे पुस्तक २००४ मध्ये काढले. फाळणीतून वाचलेल्यांच्या मुलाखती जमवणारे '१९४७ पार्टिशन आर्काइव्ह' दहा हजारांच्या पुढे गेले आहे. या लोकांनी परवानगीचे कागद नीट सह्या घेऊन केले. आपणही करावेत. फक्त कागद इंग्रजीत असू नये आणि 'इथे सही करा' असे म्हणताना बोट स्टॅम्पपेपरसारख्या दिसणाऱ्या कशावरही ठेवू नये. रूमचे व्यवहार इथे अनेकदा अशाच एका सहीवर झालेले आहेत.

सामूहिक फोटोतली माणसे ओळखताना एका वेळी एकाच घरात बसावे. 'डावीकडून तिसरा' हा वादाचा विषय असतो. दोन बहिणींना एकत्र बसवले तर तिसरा माणूस एकीच्या मते त्यांचा मामा असतो, दुसरीच्या मते मामाचा तो भागीदार ज्याने दुकान घातले. दोन्ही नावे लिहून घ्यावीत आणि पुढे प्रश्नचिन्ह घालावे. प्रश्नचिन्ह काढायला आपण न्यायाधीश नाही.

शेवटी प्रदर्शन भरवावे. सोसायटीचा हॉल किंवा गणपतीचा मंडप पुरतो. उल्हासनगरचे गोल मैदान मिळाले तर उत्तम. उद्घाटनाला नगरसेवक बोलवायचा की नाही हे त्याचा जुना फोटो आपल्याकडे आहे का आणि त्यात तो कोणत्या पक्षाच्या झेंड्याखाली उभा आहे यावर ठरवावे. पहिल्या तासातच एक गृहस्थ चौकटीला हात लावून विचारतील, 'ये कितने में पड़ा?' आकडा सांगितला की ते हसतील. निम्म्या किमतीत, संध्याकाळपर्यंत, डिट्टो असाच बनवून देतो, पाण्याचा डाग काढून आणि आकाश निळे करून, असे सांगतील. बाहेरगावचा होतकरू इथे दुखावतो. दुखावू नये. ज्या गावच्या मालावर 'मेड इन यूएसए' छापून ते उल्हासनगर सिंधी असोसिएशनचे लघुरूप आहे असे सांगितले जाते, त्या गावाला नक्कल करता येते, आणि संग्रहालयवालेही हल्ली एकच मूळ प्रत कुलपात ठेवण्यापेक्षा चार ठिकाणी चार प्रती ठेवा असेच सांगतात. डाग राहू द्या आणि आकाशाला हात लावू नका एवढे त्यांना बजावून सांगावे. मग भाव करावा. पन्नास नग घेतले तर आणखी कमी होतो.