ओलावा किती?

सीईटीचा निकाल लागला की मुनीमकाका न बोलावता येतात. तुमच्याकडंही येत असणारच. स्वतःची दहावी कशीबशी, पण कॅप राउंड, फ्रीझ आणि बेटरमेंटवर सीईटी सेललाही चार गोष्टी ऐकवतील, असा हा माणूस.

आमचे काका हदगावच्या अडतीवर मुनीम होते. नोकरी सुटली, काटा सुटला नाही. रुपयातली फी त्यांना ऐकूच जात नाही. २०२५ च्या जुलैत आमच्या पुतण्यानं पुण्याच्या एका खासगी कॉलेजची फी सांगितली, दीड लाख. काकांनी डोळे मिटले.

"सोयाबीनचा हमीभाव ५३२८. अठ्ठावीस क्विंटल झाले. एकरी सात धरले तर चार एकर साफ! अन् हमाली-तोलाई?"

"म्हणजे?"

"होस्टेल, मेस!"

पुतण्यानं घाईघाईनं माहितीपुस्तक पुढं केलं. चाळीस लाखांचं पॅकेज, टाय लावलेला हसरा मुलगा. काकांनी ते पान चिमटीत धरून दाण्यासारखं चोळलं.

"ओलावा किती?"

बारा टक्क्यांवर ओलावा गेला की खरेदी केंद्र माल परत पाठवतं. काकांचं केंद्र बारमाही उघडं. लग्नात नवरदेवाचं पॅकेज कळलं, की मांडवातच "ओलावा किती?" लातूरच्या क्लासेसचे नीटचे फलक पाहिले, की "एकच पोरगं तीन क्लासच्या पोत्यात कसं?" त्या लग्नात मुलीकडच्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "हे तुमचेच का?" मी पंगतीकडं सटकलो.

पुतण्याला तर त्यांनी जन्मावरूनच झापलं. "पोरगी असतास तर २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या घराला शिक्षण शुल्क सगळं माफ. पोरगा झालास, निम्मीच सवलत. बसलास चौदा क्विंटलला!"

शेवटी तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "काका, मग जाऊ कुठं?"

मला वाटलं, आता विष्णुपुरी. १९८१ चं श्री गुरु गोबिंदसिंहजी कॉलेज, घरापासून जवळ, शनिवारी डबा पोचवता येतो. पण काकांनी फॉर्म ओढला. "वर पुण्याचं सीओईपी टाक. १८५४ पासून गोदाम उभं आहे, माल सडका नसणार. मग विष्णुपुरी. यादी मनासारखी लावायची, घासाघीस मागून." खिशातून उत्पन्नाच्या दाखल्याचा नमुना काढला, तलाठ्याकडं कोणत्या दिवशी जायचं तेही सांगितलं. एवढी तयारी मी सख्खा काका असून केली नव्हती.

"पण चौदा क्विंटल, काका?"

काकांनी पेनाचं टोपण लावलं. "माझ्या लेकीला मी म्हणलो होतो, यंदा भाव पडलाय, पुढल्या साली बघू. पुढल्या साली भाव अजून पडला अन् फी वाढली. बारावीवरच राहिली ती. फीला कवा मंदी येत नसती, बाबा. तू फॉर्म भर."