माईक आप्पांच्या हाती

आप्पा गात नाहीत. गळ्यात कधी ढोल अडकवलेला नाही, गावच्या नाटकात साधे भालदारही झाले नाहीत. तरी म्हसवडात त्यांच्यावाचून एकही कार्यक्रम सुरू होत नाही. ते असले की लवकर सुरू होत नाही, हा भाग निराळा.

आप्पा निवेदक. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि चार घड्यांचा एक कागद. माईक तपासणं खरं तर मंडपवाल्याच्या पोराचं काम, पण आप्पा त्याला हात लावू देत नाहीत. आधी फुंकर, मग दोन टिचक्या, मग प्रश्न : "मागं आवाज येतोय का?" मागून एखादा म्हातारा ओरडतो, "न्हाई येत!" म्हाताऱ्याला प्रश्न ऐकू आला, एवढ्यावर आप्पांचं समाधान होतं.

सुरुवात ठरलेली. "गदिमा, व्यंकटेश माडगूळकर आणि शंकरराव खरात यांच्या या पावन भूमीत..." तिघंही आटपाडी तालुक्यातले, म्हणजे सांगली जिल्ह्यातले, म्हसवड सातारच्या माण तालुक्यात. एका मास्तरांनी हे कानात सांगून बघितलं. आप्पा माईकवरूनच म्हणाले, "जिल्हं सरकारनं पाडलं, माणगंगा त्येच्या आधीची हाय!" इथं मी आप्पांच्या बाजूचा. पण ते तेवढ्यावर थांबत नाहीत. गदिमांचा जन्म १९१९ चा, धाकट्या भावाचं 'माणदेशी माणसं' आलं १९४९ ला, "म्हणजे बरोब्बर तीस वर्षं, मंडळी!" यातून काय सिद्ध होतं ते आजवर कुणी विचारलेलं नाही. टाळ्या पडतात.

मग तो कागद उघडतो. त्यात नावं. आधी 'सन्माननीय', मग 'आदरणीय', मग नुसते 'आमचे मित्र'. वर्गणीच्या आकड्यावरून कोण कुठल्या रांगेत ते ठरतं. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी परराज्यात पांगलेली मंडळी सणासुदीला गावी येतात. त्यांच्या नावापुढं आप्पा दुकानाचं शहरही जोडतात, कोची, कानपूर, काय असेल ते. नुसती नावं ऐकता ऐकता पोरांचा भूगोल सुधारतो.

आमच्या सिद्धनाथाच्या उत्सवात काही भाविक उभं नवरात्र धरतात. दिवाळीच्या पाडव्याला घट बसले की तुळशीच्या लग्नापर्यंत, देवाचा जोगेश्वरीशी विवाह लागेतो, ते खाली बसतच नाहीत. गावातली चेष्टेखोर मंडळी म्हणतात, देवासाठी बारा दिवस उभं राहणं सोपं. आप्पांचं प्रास्ताविक बसून ऐकणं अवघड.

पण मार्गशीर्ष प्रतिपदेला, रथाच्या दिवशी, हाच माणूस गावाच्या उपयोगी पडतो. सिद्धनाथाचा रथ निघालेला, गुलाल-खोबऱ्याची उधळण, 'चांगभलं'चा गजर, बाहेरून आलेली अलोट गर्दी, आणि त्यात आईचा हात सुटलेली पोरं. "निळी चड्डी, वय वर्षं चार, नाव विचारलं की फक्त 'जिलबी' म्हणतंय. आईनं ताबडतोब यावं, आन येताना जिलबी आणावी." पोर रडतं, आप्पा एका हातानं त्याला थोपटतात, दुसऱ्या हातात माईक. त्या दिवशी त्यांच्या तोंडी विशेषण येत नाही. मला विचाराल तर आप्पांची खरी कला हीच. त्यांना मात्र ती कमीपणाची वाटते.

गावात माणदेशी तरंग वाहिनी आहे, ९०.४ वरचं सामुदायिक रेडिओ केंद्र, २००८ पासूनचं. तिथं ओव्या म्हणणाऱ्या बायकांची ओळख करून द्यायला आप्पांना बोलावलं. काचेच्या खोलीत समोर श्रोता नाही, हार नाही, नारळ नाही. आप्पा घाबरले. "मागं आवाज येतोय का?" असं त्यांनी भिंतीला विचारलं. मग सावरून पावन भूमीपर्यंत पोचतात तोवर यंत्रापाशी बसलेली पोरगी म्हणाली, "आप्पा, झालं तुमचं." जात्यावरच्या ओव्या मात्र कुणी ओळख करून न देता सुरू झाल्या आणि व्यवस्थित पार पडल्या. आप्पांना ते आजही पटलेलं नाही.

त्यांचा खरा वैरी गजीनृत्य. धनगरांचा ताफा मैदानात उतरला की मधे ढोलवाले, भोवती हातात रुमाल घेतलेल्यांचं रिंगण, आणि ढोलाला माईक लागत नाही. गेल्या जत्रेत आप्पा सन्माननीयांच्या मधोमध होते, तेवढ्यात पहिली थाप पडली. आप्पा थांबले नाहीत. ओठ हलत होते, हात हलत होता, कागद उलटला गेला, आभारसुद्धा मानून झाले. माणसं नाचाकडं बघत होती.

नाच संपल्यावर एक पुढारी तावातावानं आले. "आप्पा, आमचं नाव घेतलं न्हाई तुमी!"

"घेतलं की," आप्पा कागदाची घडी घालत म्हणाले, "दोनदा घेतलं. ढोलवाल्यास्नी इचारा."