वेलांटीचे पैसे

मी नगरला आयुष्यभर मराठी शिकवलं. ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ दिसला, की लाल पेन आपोआप खाली यायचं. निवृत्तीनंतर त्याच चुकांना मी रोख पैसे मोजतो.

मी शिवराई नाणी जमवतो. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्रपति'. पण ठसा कोरणाऱ्याने कुठे 'शीव' केलंय, कुठे 'सिव'. वर्गात अशा पोराला मी बाकावर उभं केलं असतं. संग्रहात मात्र त्याला वेगळं पाकीट आणि वर चार पैसे जास्त. 1674 च्या राज्याभिषेकापासून सुरू झालेलं हे तांब्याचं नाणं पेशवाईतही पडत राहिलं. टांकसाळी मक्त्याने दिलेल्या, ठसा झिजला की नवा कोरायचा, आणि प्रत्येक कारागिराचं हस्ताक्षर वेगळं. नाणेअभ्यासक माहेश्वरी आणि विगिन्स यांनी 1989 मध्ये मराठ्यांच्या टांकसाळींवर अख्खा ग्रंथ लिहिला, तो काही हौस म्हणून नाही. औरंगजेबाने 1707 मध्ये जिथे डोळे मिटले ते भिंगार इथून हाकेच्या अंतरावर, आणि मी इथे शिवरायांची वेलांटी भिंगाने शोधत बसलेलो.

गंजबाजाराजवळ एका भांडेवाल्याकडे तांब्या-पितळेची मोड येते. माझाच विद्यार्थी. "सर, एकदम नवी कोरी आहे," म्हणून त्याने पुढे केलेली शिवराई चिंच लावून अशी घासलेली, की गुलाबी पडलेली. तांब्यावर इतक्या वर्षांत चढलेला काळपट रंग हीच तिची अब्रू. ती गेली की जाणकार हात लावत नाही. हे सांगितलं तर म्हणतो, "मळकी कोण घेतंय सर?"

खरी भांडणं होतात ती अवस्थेवरून. हातोड्याने पाडलेलं नाणं. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे 'श्री' अर्धा बाहेरच. अक्षर पुसट असेल तर ते झिजलं, की मुळात उमटलंच नाही? झिजलेल्या अक्षराचे माथे सपाट, गुळगुळीत होतात. ठोका हलका बसला असेल तर तिथे चकतीची मूळची खरखर शिल्लक राहते. ठशाला तडा गेलेला असेल तर नाण्यावर उंच रेघ येते. रेघ खोल असेल तर ती कुणाच्या तरी खिळ्याची कृपा. इतकं शास्त्र असूनही माझ्या मित्राकडची शिवराई विकताना 'व्हीएफ', म्हणजे 'व्हेरी फाइन', असते आणि माझ्याकडची तीच घेताना 'फाइन'. प्लॉटच्या जाहिरातीत 'हायवेलगत' असतं, तसलं हे 'व्हीएफ'. बाळाच्या गळ्यात बांधायला भोक पाडलेली असेल तर किंमत निम्मी. आमची आजी असती तर म्हणाली असती, "भोक नसतं तर हरवली नसती का?"

चुकीला भाव मिळणं ही काही फक्त शिवराईची गोष्ट नाही. 1911 च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरल्या हत्तीची सोंड इतकी आखूड निघाली, की लोकांना तो डुक्कर दिसला. सुमारे 7 लाख रुपये बाहेर पडल्यावर सरकारने वाटप थांबवलं आणि 1912 मध्ये सोंड लांबवली. आज संग्राहक डुकराच्या मागे.

मी अक्षरं वाचतो हे आता त्या भांडेवाल्याच्या ध्यानात आलंय. परवा एक शिवराई काढून म्हणाला, "सर, हिच्यात शुद्धलेखनाची चूक आहे. पन्नास जास्त पडतील."

भिंग लावलं. 'छत्रपती', शेवटची वेलांटी दीर्घ. म्हटलं, "अरे, चूक कसली? 1962 च्या नियमांप्रमाणे शेवटचा इकार दीर्घच. आजच्या हिशेबाने ही एकटी बरोबर, बाकीच्या सगळ्या चुकीच्या."

"बरोबर आहे?" त्याने शिवराई माझ्या हातातून परत घेतली. "मग शंभर."