वजन जातंय कुठं?

आमचे आप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघतात. घरच्यांना वाटतं, पंखा हवाय. आप्पा स्लॅब बघत असतात. मग ठरलेला प्रश्न येतो: "वजन जातंय कुठं?" उत्तरही तेच देतात. स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर, कॉलममधून पायात, पायातून जमिनीत. तोवर चहा निवतो.

आप्पांची सगळी नोकरी बांधकाम खात्यात, जव्हार-मोखाड्याच्या शाळाखोल्या आणि मोऱ्या मोजण्यात गेली. आप्पा निवृत्त झाले, पण इमारतीवरच्या भारांचं मानक, आयएस 875, काही निवृत्त झालं नाही. "पाच भाग, पाच बोटं," म्हणत ते पंजा उघडतात. अंगठा डेड लोड, म्हणजे घराचं स्वतःचं वजन. पाच इंची स्लॅब चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर भरतो. पुढचं बोट लाइव्ह लोड, म्हणजे माणसं, कपाटं, पाहुणे. राहत्या खोलीला चौरस मीटरमागे दोनशे किलो धरायचे. मधलं बोट वारा. चौथं बर्फ; ते लगेच मिटतात, "मोखाड्यात नको." करंगळीत तापमान आणि उरलंसुरलं. भूकंपाला बोटच उरत नाही. "त्याचं पुस्तक वेगळं, 1893. साल नव्हे, नंबर!"

जेवून आप्पा सोफ्यावर टेकले की काकू स्वयंपाकघरातून पुटपुटतात, "बसला डेड लोड."

उन्हाळ्यात मोखाड्याकडे टँकरची वाट बघणं आलंच. ज्याला परवडतं तो गच्चीवर दुसरी टाकी चढवतो आणि आप्पांना झोप लागत नाही. "हजार लिटर म्हणजे एक टन! कॉलमच्या डोक्यावर ठेवा, स्लॅबच्या पोटावर नको." पत्र्यावर दगड ठेवलेले दिसले तरी थांबतात. "वारा पत्रा ढकलत नाही, उचलतो. हुक मारा." 2021च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं, त्या दिवशी आप्पा खिडकीतून शेजाऱ्यांचे पत्रे राखत बसले होते.

मात्र कारवीच्या कुडाचं घर दिसलं की सूर उतरतो. 2018च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हापासून तर जास्तच. "भूकंप वजन बघून मारतो. हे हलकं, त्याला मार कमी. आणि वाकतं. ताठ असतं ते मोडतं. सळईसुद्धा वाकणारीच हवी."

परवा पुतण्याची हळद गच्चीवर ठरली. आप्पा जिन्याच्या तोंडाशी उभे राहून माणसं मोजू लागले. पन्नासाव्याला हात आडवा. "बसायचं असेल तर या. नाचायचं असेल तर खाली! सगळे पाय एका ठेक्यात पडले की वजनाचा हिशेब बदलतो." पुतण्या चिडला, काकूंनी कपाळाला हात लावला, पण हळद अंगणात उतरली.

रात्री तारपा वाजू लागला. फेर धरला गेला आणि बघतो तर आप्पा फेरात, शेजाऱ्याच्या कमरेला हात घालून. मी ओरडलो, "आप्पा, लाइव्ह लोड!"

"खाली जमीन आहे रे. वजन पोचलं!"

"जमीनही हलते हो आपल्याकडे!"

आप्पा ठेका न चुकवता म्हणाले, "म्हणून तर गुडघे सैल सोडलेत."